जपानी खनिज रंग : पुडी आणि पुडीवरचा कागद

मोरचुदाचा एक चांगला टपोरा खडा घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत तो मिळायला अडचण पडू नये. खडा गडद निळा दिसतो. तो खलात घालून घोटू लागलात की निळा रंग उतरत जातो आणि शेवटी हाती फिकट आकाशी पूड राहते. त्यात काही मिसळलेले नाही, काही काढून घेतलेले नाही. मग रंग गेला कुठे? (मोरचूद विषारी आहे. प्रयोगानंतर खल आणि हात दोन्ही स्वच्छ धुवावेत, आणि खल स्वयंपाकघरातला नसावा, हे सांगायला नकोच.)

उत्तर सोपे आहे. प्रकाश मोठ्या स्फटिकात शिरला की बाहेर पडेपर्यंत त्याला बरेच अंतर कापावे लागते. या वाटेवर तांबडा आणि पिवळा भाग शोषला जातो, आणि परतणारा प्रकाश गडद निळा असतो. पूड केली की पृष्ठभागांची संख्या भरमसाट वाढते. प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा पांढरा प्रकाश जसाच्या तसा परत फिरतो. जो आत शिरतो तोही फार खोल न जाता बाहेर पडतो. म्हणून पूड जितकी बारीक, तितका रंग फिका.

जपानच्या पारंपरिक चित्रकारांनी आपली रंगपेटी याच गोष्टीवर उभारली आहे. तिथे खनिज रंगांना 'इवा-एनोगु' म्हणतात. 'इवा' म्हणजे खडक आणि 'एनोगु' म्हणजे चित्राचे रंग. यांतला निळा तो 'गुंजो', म्हणजे अझुराइट. हिरवा तो 'रोकुशो', म्हणजे मॅलकाइट. दोन्ही तांब्याची कार्बोनेटे असून खाणीत बहुधा शेजारी शेजारी सापडतात. खडक फोडून, दळून त्याची पूड कणांच्या आकाराप्रमाणे वेगळी करतात आणि तिला क्रमांक देतात. साधारणपणे पाच क्रमांकाची पूड भरड आणि गडद, तेरा क्रमांकाची बारीक आणि फिकी. त्याहूनही बारीक ती 'ब्याकु', म्हणजे पांढरी. आपण एखाद्या रंगाची छटा हलकी करायची तर त्यात पांढरा मिसळतो. जपानी चित्रकार त्याच दगडाची अधिक बारीक पूड घेतो. छटा गडद करायची तर पूड लोखंडी पळीत भाजतो. कार्बोनेट मोडून तांब्याचे काळे ऑक्साइड तयार होऊ लागते आणि निळा काळवंडतो. एका दगडातून इतक्या छटा निघतात, आणि त्या एकमेकींशी कधी भांडत नाहीत.

कण वेगळे करण्याची पारंपरिक रीत म्हणजे पाण्यात निवळणे. अझुराइट पाण्याच्या पावणेचार ते चार पट जड. पन्नास मायक्रॉन जाडीचा कण पाण्यात सेकंदाला जवळजवळ चार मिलिमीटर खाली जातो, म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या भांड्यात अर्ध्या मिनिटाच्या आत तळ गाठतो. पाच मायक्रॉनच्या कणाला त्याच भांड्यात पाऊण तास लागतो. जाडी दहापट कमी झाली तर वेग शंभरपट कमी होतो, हा स्टोक्सचा नियम. अकरावी-बारावीच्या पुस्तकात तो तेलात पडणाऱ्या गोळीच्या उदाहरणाने येतो. स्टोक्स 1819 साली जन्मला. निवळणारे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून घड्याळाशिवाय नुसत्या अंदाजाने हेच करीत होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. हे जुने खनिज रंग जमवण्याचा छंद जपानात आणि जपानबाहेरही आहे. बंद पडलेल्या दुकानांतली शिल्लक, दिवंगत चित्रकारांच्या कपाटांतल्या बाटल्या, कागदी पुड्या यांना मागणी असते. हे रंग परंपरेने तोळ्यामाशाच्या हिशेबाने विकले जात. आजही पंधरा ग्रॅमचे माप चालते, आणि नैसर्गिक गुंजोचा भाव ऐकून चित्रकलेच्या विद्यार्थ्याने दुकानाबाहेर पडावे अशी स्थिती आहे. छंदाला आमची हरकत नाही. पण छंदासोबत एक तत्त्वज्ञानही विकले जाते, आणि ते तपासून पाहायला हवे. जुना नैसर्गिक रंग नव्यापेक्षा अधिक शुद्ध असतो, जुने उस्ताद याखेरीज काही वापरीत नसत, आणि म्हणून त्यांच्या चित्रांत ते तेज आहे, असे हे तत्त्वज्ञान सांगते.

यात खरे किती हे पाहण्यासाठी एक चित्र घेऊ. ओगाता कोरिन (1658–1716) हा क्योतोच्या एका कापड-व्यापाऱ्याचा मुलगा. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस त्याने घडीच्या पडद्यांची एक जोडी रंगवली. ती आता तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहे. प्रत्येक पडदा सहा फळ्यांचा, दीड मीटर उंच आणि तीन मीटरहून रुंद. पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची, आणि तिच्यावर फक्त आयरिसची फुले आणि पाने. पाणी नाही, काठ नाही, आकाश नाही, माणूस नाही. विषय एका जुन्या कथेतला असला, तरी कथेतला पूलसुद्धा इथे वगळला आहे. (पुढे कोरिनने याच विषयावर केलेली पडद्यांची दुसरी जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यात पूल आहे, आणि आमच्या मते त्या पुलाने चित्र थोडे समजूतदार आणि थोडे सामान्य झाले आहे.)

या पडद्यांवर रंग म्हणजे काय ते दोनच : फुलांचा गुंजो आणि पानांचा रोकुशो. बाह्यरेषा काढलेल्या नाहीत. निळ्याचा जाड थर पाकळीवर मखमलीसारखा बसतो, आणि हलक्या पाकळ्यांसाठी निळ्याचीच फिकी जात वापरली आहे. फुलांचे काही झुपके नीट पाहिले तर पुन्हा पुन्हा तेच आहेत. कापडावर ठसे उमटवणाऱ्या घरातला हा मुलगा, त्याला त्यात वावगे वाटले नसावे. शिसपेन्सिलीने नक्कल केली तर चित्रात फारसे काही उरत नाही. छापील नकलेत थोडे अधिक उरते, पण मुख्य गोष्ट तिथेही निसटते. छपाईची शाई कागदावर सपाट पसरते. अझुराइटचे भरड कण सपाट बसत नाहीत, ते उभे-आडवे राहतात आणि माणूस पडद्यापुढून चालू लागला की त्यांच्या बाजू प्रकाश वेगवेगळा परतवतात. त्यात सरस थोडाच असल्याने कणांमध्ये हवा राहते आणि पृष्ठभाग कोरडा, तेजस्वी दिसतो. तोच अझुराइट तेलात घोटला असता तर काळपट झाला असता. तेव्हा या चित्राचे तेज दगडातून येते हे म्हणणे खरे आहे. संग्राहकांचे एवढे म्हणणे आम्ही आनंदाने मान्य करतो.

पण दगडातून येते म्हणजे जुनेपणातून येते असे नाही. लोणचे मुरते तसा दगड मुरत नाही. जपानी चित्रकार रंगात सरस मिसळतो तो कामाच्या वेळी. बाटलीत असते ती कोरडी पूड. कोरड्या जागी ठेवलेले अझुराइट शंभर वर्षांनीही अझुराइटच असते, अधिक निळे होत नाही. जुन्या पुडीचा रंग आजच्या पुडीपेक्षा वेगळा दिसत असेल तर त्याचे कारण ती वेगळ्या खाणीतून आली आणि वेगळ्या हातांनी निवळली गेली, हे असते. आणि इथे 'शुद्ध' हा शब्द पार उलटा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक अझुराइटचे कण टोकेरी, लहानमोठे दिसतात. त्यांत हिरव्या मॅलकाइटचे, तांबड्या लोह-ऑक्साइडचे, गारेचे तुकडे मिसळलेले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले 'नवे खनिज रंग' म्हणजे धातूंची ऑक्साइडे घालून वितळवलेल्या काचेची पूड. ती एकजिनसी असते. शुद्धतेच्या परीक्षेत ती पहिली येईल! नैसर्गिक पुडीची गोडी तिच्या मिसळीत आहे. त्या मिसळीमुळे मोठा निळा पृष्ठभाग डोळ्याला एकसुरी वाटत नाही. रसिकांना जे आवडते ते बरोबर आहे, त्यांनी दिलेले कारण मात्र चूक आहे.

जुने उस्ताद केवळ नैसर्गिक रंग वापरीत, हे म्हणणे तर पुराव्यापुढे टिकतच नाही. क्योतोच्या इतो जाकुचूने (1716–1800) पशुपक्षी, फुले, मासे यांची तीस चित्रांची एक माला रेशमावर रंगवली. 1999 पासून काही वर्षे या मालेच्या दुरुस्तीचे काम चालले होते. त्या वेळी रंगांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी झाली, आणि माशांच्या एका चित्रातल्या निळ्या माशात प्रशियन ब्लू सापडला. हा रंग अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये योगायोगाने तयार झालेला, पूर्णपणे कृत्रिम. डच जहाजांतून तो जपानला पोचे. ज्याच्या हाताशी उत्तम गुंजो होता त्या चित्रकाराने एका माशापुरता परदेशी कृत्रिम निळा मुद्दाम निवडला, कारण त्याला तिथे गुंजोचा दाणेदार निळा नको, खोल सपाट निळा हवा होता. त्याच मालेत एका पांढऱ्या फिनिक्स पक्ष्याच्या पिसांना सोन्याची झाक आहे, आणि तपासणीत तिथे सोने मिळाले नाही. रेशमाच्या मागच्या बाजूने पिवळी माती लावून आणि पुढून शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा रेखून ती झाक साधली आहे. जाकुचूला रंगाचे सोवळे नव्हते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हीही एक भाबडी समजूत. जपानी संग्रहालयांत एक दुखणे सर्वांच्या ओळखीचे आहे, त्याला 'रोकुशो-याके', म्हणजे हिरव्याची भाजणी म्हणतात. मॅलकाइटचा थर जिथे असतो तिथला कागद किंवा रेशीम काळानुसार तपकिरी, ठिसूळ होते आणि शेवटी पान नव्हे, पानाच्या आकाराचे भोक उरते. तांब्याचे आयन धाग्यांच्या विघटनाला हातभार लावतात. चित्राचे वैभव आणि चित्राचा रोग एकाच बाटलीतून येतात. तांबड्यासाठी वापरला जाणारा हिंगूळ हे पाऱ्याचे सल्फाइड. त्याचे वर्गात प्रयोग मुळीच करू नयेत.

मग जुन्या रंगांच्या पुड्या जमवण्यात काही अर्थच नाही का? आहे, आणि तो समजण्यासाठी नारा शहरात जावे लागेल. तिथल्या तोदाइजी देवळाच्या शोसोइन या भांडारात आठव्या शतकापासूनच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत शेंदराच्या पुड्या होत्या. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, तोही माणसाने भट्टीत केलेला, तेव्हा 'नैसर्गिक'च्या कडव्या भक्ताने त्याला दारातच अडवायला हवे. पुड्या बांधायला वापरला होता तो कचेऱ्यांतला रद्दी कागद. आज इतिहासकारांच्या दृष्टीने या रद्दीचे मोल शेंदरापेक्षा जास्त आहे. त्या काळचे कामकाज, नोंदी, हिशेब त्यावर आहेत, आणि ते टिकले ते केवळ कोणी तरी त्यात रंग बांधला म्हणून.

संग्राहकांवरचा आमचा खरा आक्षेप हा आहे. बाजारात येणारी जुनी पूड सुंदर काचेच्या बाटलीत भरलेली असते, आणि मूळ कागद फेकून दिलेला असतो. त्या कागदावर दुकानाचा शिक्का असेल, क्रमांक असेल, वजन असेल, कधी खाणीचे नाव असेल. कागद गेला की पुडी मुकी झाली. खाणीचे नाव ही लहान गोष्ट नव्हे. जपानच्या एका जुन्या राजवृत्तांतात इ. स. 698 साली निरनिराळ्या प्रांतांनी दरबाराला रंगांची खनिजे पाठवल्याची नोंद आहे. निळे आणि हिरवे ताम्र-खनिज पाठवणाऱ्यांत नागातो प्रांत आहे. याच प्रांतातल्या नागानोबोरी खाणीचे तांबे पुढे नाराच्या महाबुद्धाच्या मूर्तीसाठी गेले. रंग आणि धातू एकाच डोंगरातून येत होते. अशा खाणी आता बंद आहेत. त्या दगडाचा रंगरूपात उरलेला नमुना कोणाच्या कपाटात असेल आणि त्यावर नाव नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

नाव असलेला नमुना काय करू शकतो याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयाचे संचालक एडवर्ड फोर्ब्स (1873–1969) यांनी जगभरची रंगद्रव्ये जमवली. हेतू सौंदर्याचा नव्हता, चित्र खरे की बनावट, मूळचे किती आणि मागाहून रंगवलेले किती हे ठरवण्याचा होता. आज त्या संग्रहात अडीच हजारांहून अधिक नमुने आहेत. 2007 साली जॅक्सन पोलॉकची म्हणून पुढे आलेली काही चित्रे हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा त्यांत पोलॉकच्या मृत्यूनंतर (1956) बाजारात आलेली रंगद्रव्ये आढळली. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात एलिझाबेथ फिट्झह्यू यांनी तिथल्या उकियो-ए परंपरेतल्या रंगचित्रांमधील रंगद्रव्यांची शिरगणती केली. ती 1979 साली प्रसिद्ध झाली. कोणत्या काळात कोणता निळा चाले हे अशा कामातून कळते, आणि हे काम ओळखीच्या नमुन्याशी तुलना केल्याखेरीज पुढे सरकत नाही.

याच नाण्याची दुसरी बाजूही बोलून टाकावी. अठराव्या शतकाच्या नावाने बनावट चित्र रंगवायचे तर सर्वांत सोयीची वस्तू कोणती? अनामिक बाटलीतला खरा जुना गुंजो. तपासणीत तो खराच निघेल! नोंद नसलेला जुना रंग अभ्यासकाच्या कामाचा नाही, लबाडाच्या मात्र पुरेपूर कामाचा आहे.

संग्रह करायचा की रंग वापरून टाकायचा, हा वाद आम्हांला कृत्रिम वाटतो. या रंगांशी रोजचा व्यवहार असलेल्या चित्रकारांना काटकसर फार चांगली येते. बशीत उरलेला महाग गुंजो ते टाकत नाहीत. त्यावर गरम पाणी ओतून सरस विरघळवतात, निवळ ओतून देतात आणि तळाची पूड वाळवून पुन्हा बाटलीत भरतात. खडकाचे कण सरसाने बदलत नाहीत म्हणून हे जमते. चिमूटभर नमुना, त्याचा कागद आणि त्याची हकीकत जपून ठेवली की उरलेल्या पुडीने खुशाल चित्र काढावे. दगड तळघरात अंधारात ठेवण्यापेक्षा पाकळीवर बरा.

आपल्याकडच्या शिक्षकांना यात रस का वाटावा, तर या कथेचा एक धागा अजिंठ्यापर्यंत येतो. आराइ काम्पो (1878–1945) हे जपानी शैलीचे चित्रकार कोलकात्याला ठाकुरांच्या घरी जपानी चित्रकला शिकवण्यासाठी आले होते. 1917-18 च्या हिवाळ्यात ते सहकाऱ्यांसह अजिंठ्याला राहिले आणि त्यांनी तिथल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला केल्या. ज्या प्रदेशातून ते आले होते तिथे तांब्याच्या खाणी, म्हणून अझुराइट-मॅलकाइटची परंपरा. अजिंठा बेसॉल्टच्या कड्यात कोरलेला. तिथल्या चित्रकारांनी तांबडा-पिवळा मातीतून घेतला, हिरवा घेतला तो याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या हिरव्या मातीच्या खनिजांतून, आणि निळ्यासाठी मात्र दूरवरून लाजवर्द आणवला. भूशास्त्र रंगपेटी ठरवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. अजिंठ्याच्या त्या नकला तोक्योला नेल्या गेल्या आणि 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या.

जपानी रंगांपैकी एकाच्या नावात तर भारतच आहे. लोह-ऑक्साइडच्या तांबड्याला तिथे 'बेंगारा' म्हणतात, आणि ते नाव बंगालवरून आले असे मानले जाते. आपल्या भाषेत त्याचा भाऊबंद म्हणजे गेरू. तो पंधरा ग्रॅमच्या हिशेबाने नव्हे, मूठभर मिळतो. वर्गात एवढे करता येईल : वेगवेगळ्या गावांहून किंवा दुकानांतून आणलेले गेरूचे दोन-तीन खडे वेगवेगळे कुटून घ्यावेत. एक पूड पेलाभर पाण्यात ढवळावी, अर्धे मिनिट थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओतावे, तिथे पाच मिनिटे थांबून तिसऱ्यात, तिथे तासभर थांबून चौथ्यात. चौथा पेला दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये. प्रत्येक तळाचा गाळ वाळवून पातळ सरसातून किंवा डिंकातून कागदावर लावावा. गेरूत लोह-ऑक्साइडबरोबर चिकणमातीही असते, त्यामुळे अझुराइटसारखी सरळ गडद-फिक्याची ओळ मिळेलच असे नाही. काय मिळते ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. पेल्यांवर चिठ्ठ्या मात्र पाणी ओतण्याआधी लावाव्यात, आणि चिठ्ठीवर गावाचे नाव, दुकान, तारीख आणि थांबण्याचा वेळ हे सगळे यावे.